तपासण्यांची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञांना मंत्री घरी पाठवू शकतो, मग त्यांचं स्वातंत्र्य कशात उरतं?

कृष्णाकाठ | १४ जुलै २०२५

मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण वाचा.

मार्चमध्ये माझी पहिली कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) झाली. वय ४६, पोटाची कसलीही तक्रार नाही. आमच्या डॉक्टरीणबाई "पंचेचाळीस झाली ना, मग करून टाकायची" म्हणून मागेच लागल्या होत्या. दोन पॉलिप (आतड्याच्या आतल्या छोट्या गाठी) निघाले. त्यातला एक अजून दहा वर्षं तसाच राहिला असता तर कदाचित पुढचं काही वेगळंच झालं असतं, असं त्या नंतर म्हणाल्या. महिन्याभराने इन्शुरन्सचा कागद आला. बिल चार आकडी आणि शेवटच्या रकान्यात "तुम्ही देणे: ०.००".

ते शून्य मी बराच वेळ बघत बसले. माझी आई सांगलीत "दुखत नाही तर कशाला तपासायचं, पैसे वर आलेत का" म्हणत आयुष्य काढलेली बाई. हे शून्य आलं कुठून, ते शोधायला लागले आणि या विषयात शिरले.

अमेरिकेत प्रतिबंधक सेवांबद्दल शिफारशी करणारी एक टास्क फोर्स आहे, १९८४ पासून. १६ जण असतात. फॅमिली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, नर्सिंगमधले लोक. चार वर्षांची मुदत, मानधन नाही. ज्याला काही लक्षण नाही अशा माणसाची कोणती तपासणी करावी, त्याला कोणतं प्रतिबंधक औषध किंवा सल्ला द्यावा, एवढंच ते ठरवतात आणि ग्रेड देतात. २०१० च्या ओबामाकेअर कायद्याने या ग्रेडला दात दिले. ए किंवा बी मिळाली की इन्शुरन्स कंपनीने ती सेवा रुग्णाच्या खिशाला हात न लावता द्यायची. आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं ते २०२१ मध्ये, बी ग्रेड देऊन. माझं शून्य तिथून आलं.

आता गेल्या महिन्याभरात काय झालं पाहा. ९ जूनला आरोग्यमंत्री केनेडींनी लसीकरण सल्लागार समितीच्या सगळ्या, म्हणजे १७ च्या १७ सदस्यांना काढलं. २७ जूनला, या मोफत सेवांना आव्हान देणाऱ्या ब्रेडवुड खटल्यात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. मोफत सेवा वाचल्या, पण का वाचल्या? तर मंत्री टास्क फोर्सच्या सदस्यांना हवं तेव्हा काढू शकतो आणि त्यांची शिफारस लागू होण्याआधी अडवू शकतो, म्हणून त्यांची नेमणूक घटनेत बसते! आणि १० जुलैची टास्क फोर्सची बैठक ऐनवेळी पुढे ढकलली, कारण न देता. शंभराहून अधिक आरोग्यसंस्थांनी काँग्रेसला (इथल्या संसदेला) पत्र लिहिलंय की या समितीला वाचवा.

कायद्यात स्वच्छ लिहिलंय की हे सदस्य आणि त्यांच्या शिफारशी स्वतंत्र असतील, शक्य तितक्या राजकीय दबावापासून दूर. मग हे स्वातंत्र्य नेमकं कशात आहे? आणि ते राखायचं कसं? ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा, ज्यांना पटत नाही त्यांनीही लिहा.

---

मोगरा७

पॉलिप वेळेत निघाले हे फार छान झालं गं. मी ४७ ची आहे आणि दोन वर्षं टाळतेय. पोट साफ करायच्या त्या औषधाची आदली रात्र आषाढीपेक्षा कडक असते म्हणे?

---

कृष्णाकाठ

आषाढीला निदान साबुदाणा असतो. इथे दिवसभर लिंबाचं सरबत, गाळलेलं सूप आणि ते खारट पाणी. पण एका रात्रीचा प्रश्न आहे, मोगरा. टाळू नकोस.

---

स्पष्टवक्ता

विरोधी बाजू मांडतो. राग मानू नका.

ह्यूस्टनमध्ये माझी छोटी कंपनी आहे, २२ माणसं. त्यांच्या इन्शुरन्सचा प्रीमियम दरवर्षी मी भरतो. या १६ जणांनी एक अक्षर लिहिलं की देशभरातल्या प्रीमियममध्ये खर्चाची भर पडते. त्यांना कोणी निवडून दिलं? शिवाय ग्रेड देताना ते खर्चाचा विचारच करत नाहीत, हे त्यांनीच जाहीर केलेलं आहे. मग कोणीतरी लोकांना उत्तर देणारा माणूस त्यांच्या वर नको? मंत्री आवडत नसेल तर चार वर्षांनी सरकार बदला. तज्ज्ञ आवडला नाही तर मी काय बदलू? स्वातंत्र्य म्हणजे कोणालाच जबाब न देणं असेल तर मला ते नको.

---

डॉ. अवधूत

स्पष्टवक्ता, प्रश्न रास्त आहे. पण "कोणालाच जबाब नाही" हे बरोबर नाही.

मी ओहायोत १९ वर्षं फॅमिली प्रॅक्टिस करतो. टास्क फोर्स एखादा विषय घेते तेव्हा आधी "आम्ही हे प्रश्न विचारणार" असा आराखडा जाहीर करते आणि त्यावर चार आठवडे कुणीही मत देऊ शकतं. मग विद्यापीठांतले वेगळे गट सगळे अभ्यास गोळा करून अहवाल करतात. मग शिफारशीचा मसुदा, पुन्हा चार आठवडे मतं. शेवटी अंतिम शिफारस आणि कोणत्या आक्षेपावर काय विचार केला त्याचा खुलासा. सदस्याचा कुठे आर्थिक हितसंबंध असेल तर तो जाहीर होतो, गरज पडली तर त्या विषयातून त्याला बाजूला ठेवतात. एवढं उघड्यावर काम करणारं मंडळ मी दुसरं पाहिलेलं नाही.

माझ्या खोलीत एका रुग्णाला २० मिनिटं मिळतात. त्यात मी आठशे पानांचे अहवाल वाचून ठरवू शकत नाही. कोणीतरी माझ्यासाठी वाचलंय आणि त्याला मला काही विकायचं नाही, या विश्वासावर मी "करा" किंवा "नको" म्हणतो.

---

आकडेमोड

"विकायचं नाही" यावरून मुद्दा पुढे नेतो. सगळे ए आणि बी बद्दल बोलताय. माझ्या मते या समितीची खरी किंमत डी आणि आय मध्ये आहे. डी म्हणजे "करू नका". आय म्हणजे "पुरावा अपुरा आहे, सांगता येत नाही". तपासणी विकणारा माणूस ही दोन वाक्यं कधीच उच्चारणार नाही.

प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची पीएसए ही रक्ततपासणी घ्या. २०१२ मध्ये समितीने तिला सरसकट डी दिली. यूरॉलॉजिस्ट मंडळी खवळली. २०१८ मध्ये नवे आकडे आल्यावर ५५ ते ६९ वयासाठी सी केली, म्हणजे डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवा. सत्तरीनंतर डी कायम. तेव्हा त्यांनी मांडलेला हिशेब असा: या वयाच्या १००० पुरुषांची वर्षानुवर्षं तपासणी केली तर साधारण २४० जणांचा रिपोर्ट कधीतरी "संशयास्पद" येतो, १०० जणांना कर्करोगाचं निदान होतं, ८० जण शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन घेतात, आणि मृत्यू टळतो एक किंवा दोन जणांचा. तो एक माझा बाप असू शकतो, हे खरंच. पण उरलेल्यांनी काय सोसलं हेही कुणीतरी मोजून सांगायला हवं ना?

---

पेशवेपार्क

आकडेमोड यांचे ते "उरलेले" म्हणजे माझे काका.

पुण्यात वाढदिवसाला मुलांनी आईबापांना "फुल बॉडी चेकअप" भेट द्यायची पद्धत पडलीय. काका ७२ वर्षांचे, रोज पर्वती चढणारे. पॅकेजमध्ये पीएसए होती. आकडा थोडा वर. बायोप्सी करा म्हणाले. बायोप्सीनंतर तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, जंतुसंसर्ग, नऊ दिवस हॉस्पिटल. बायोप्सीत काही निघालं नाही. पण काका त्यानंतर पर्वतीवर गेले नाहीत. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि दर सहा महिन्यांनी पीएसए करून घेतात, कारण आता भीती बसली. ते रिपोर्ट प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेले आहेत. आलेल्या माणसाला दाखवतात.

७२ व्या वर्षी ही तपासणी नको असं ठणकावून सांगणारं आपल्याकडे त्यांना कोणी भेटलंच नाही. हातात फक्त पॅकेजचं पत्रक होतं. "प्लॅटिनम" का काहीतरी नाव होतं त्याचं.

---

मोगरा७

पेशवेपार्क, काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांना परत पर्वतीवर न्या हो कुणीतरी. पहिल्या टप्प्यापर्यंत तरी.

---

टोरांटोकर

आमच्याकडची गोष्ट ऐका म्हणजे कळेल, हे फक्त ट्रम्प आणि केनेडींचं दुखणं नाही.

कॅनडाची अशी समिती अमेरिकेच्याही आधीची, १९७६ ची. २००५ मध्ये पैसे बंद केले, समिती संपली. २०१० मध्ये पुन्हा उभी केली. मे २०२४ मध्ये तिने स्तनाच्या कर्करोगाचा मसुदा काढला की चाळिशीत सरसकट मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) नको, बाईला फायदेतोटे सांगा आणि तिला हवी असेल तर करा. बराच गदारोळ झाला. आरोग्यमंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, बाहेरच्या लोकांकडून समितीची फेरतपासणी लावली आणि तिचं काम थांबवलं. हे उदारमतवादी सरकार होतं बरं का.

माझी बहीण ४३ व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगातून गेलीय, म्हणून माझं मन त्या मसुद्याच्या विरोधातच होतं. तरीही ज्या दिवशी काम थांबवल्याची बातमी आली त्या दिवशी मला बरं वाटलं नाही. मला त्यांचं उत्तर चुकीचं वाटत होतं, पण माझ्या बाजूचं उत्तर अशा रीतीने यावं असंही नव्हतं.

---

स्पष्टवक्ता

टोरांटोकर, बहिणीला नमस्कार सांगा.

पण तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा आहे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या टास्क फोर्सने चाळिशीपासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सांगितली, बी ग्रेड. महिन्याभराने कॅनडाच्या तज्ज्ञांनी नको सांगितलं. अभ्यास बहुतेक तेच. मग हे शास्त्र आहे की मत? मतच असेल तर माझ्या निवडून दिलेल्या माणसाचं मत का नको?

---

आकडेमोड

चांगला प्रश्न. यात दोन पायऱ्या आहेत. पहिली मोजण्याची. हजार बायकांमागे किती मृत्यू टळले, किती जणींना विनाकारण बायोप्सी झाली. यात दोन्ही देशांत फार फरक नाही. दुसरी पायरी तोलण्याची, म्हणजे एका टळलेल्या मृत्यूसाठी किती जणींचा घोर मान्य करायचा. तिथे फरक पडतो. अमेरिकेच्या समितीने काळ्या स्त्रियांमधला जास्तीचा मृत्युदरही मोठा मुद्दा धरला.

तुमचा माणूस तोलण्यात भाग घेऊ शकतो, हे मला मान्य आहे. मोजण्यात मात्र त्याचा हात नको. तराजूच्या पारड्यात काय ठेवायचं यावर भांडा. काट्याला बोट लावायचं नाही.

---

बार्शीकर

हा धागा रोज वाचतोय, आज लिहितो.

हे "अभ्यास" "पुरावा" म्हणताय तो कुठून येतो, त्यातला एक आमच्या दारातून गेलाय. उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांचा मिळून. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, ५२ गावगट, चार भाग. एकात एचपीव्ही (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची) तपासणी, एकात पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी), एकात नुसत्या ॲसिटिक ॲसिडने बघून, आणि चौथ्या भागात नेहमीची सोय तेवढीच. निकाल २००९ मध्ये आला. एकाच एचपीव्ही तपासणीने पुढच्या काही वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभर त्याचा आधार घेतात.

आई त्यात होती. शाळेच्या खोलीला साड्यांचे पडदे लावले होते. बायका आधी यायलाच तयार नव्हत्या, आरोग्यसेविका घरोघर फिरून चुलीपाशी बसून समजावत होत्या. आई गेली ती सासूला "अंगणवाडीत मिटिंग आहे" सांगून. तिला दिलेलं कार्ड अजून आहे, लोखंडी पेटीत, रेशनकार्डाच्या पिशवीत. नंबर निळ्या शाईने लिहिलेला. मावशीचं गाव चौथ्या भागात होतं. तिला तेव्हा तपासणी मिळाली नाही. मावशी सुखरूप आहे, पण तिच्या गावातल्या सगळ्या नाहीत.

त्या बायकांनी लाज बाजूला ठेवून जे दिलं त्यातून तो आकडा निघालाय. तो एखाद्या मंत्र्याला गैरसोयीचा आहे म्हणून झाकला जावा, किंवा कुणाला मशीन विकायचंय म्हणून फुगवला जावा, याची मला चीड येते. एवढंच.

---

कृष्णाकाठ

बार्शीकर, हात जोडते. आईंना सांगा, इथे न्यू जर्सीत त्यांच्या कार्डाबद्दल वाचून एक बाई रडली.

---

डॉ. अवधूत

बार्शीकरांनंतर काही लिहू नये असं वाटत होतं, पण मूळ प्रश्नासाठी एक जुनी हकीकत सांगायला हवी.

डिसेंबर १९९४ मध्ये इथल्या सरकारी संशोधन संस्थेने (एजन्सी फॉर हेल्थ केअर पॉलिसी अँड रिसर्च) पाठदुखीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सार असं की नव्याने सुरू झालेल्या बहुतेक पाठदुखीला शस्त्रक्रिया लागत नाही, हिंडतंफिरतं राहा. मणक्याच्या शल्यविशारदांची एक संघटना बिथरली आणि काँग्रेसमध्ये गेली. १९९५ मध्ये प्रतिनिधीगृहाने संस्थेचं पूर्ण अंदाजपत्रकच शून्य केलं. शेवटी संस्था जगली, पण पैशाला मोठी कात्री लागली, मार्गदर्शक तत्त्वं काढणं तिने सोडून दिलं आणि १९९९ मध्ये नावातून "पॉलिसी" हा शब्दही गेला. आज टास्क फोर्सचं सगळं कार्यालयीन काम याच संस्थेकडे आहे, आणि २०२५ मध्ये तिथे पुन्हा मोठी कर्मचारीकपात झाली आहे.

सदस्य काढला तर बातमी होते. अहवाल लिहिणाऱ्यांचा पगार थांबला तर होत नाही. स्वातंत्र्य राखायचं तर आधी हे पैसे राखा.

---

काळाकोट

शिकागोत वकिली करतो, आरोग्य कायदा हा रोजचा विषय. कायद्यातली गोची सांगतो.

ब्रेडवुड खटला काही तज्ज्ञांच्या बाजूचा किंवा विरोधातला नव्हता. एचआयव्ही टाळणाऱ्या औषधाला २०१९ मध्ये ए ग्रेड मिळाली, ती टेक्सासमधल्या काही व्यवसायांना धार्मिक कारणाने नको होती. त्यांचा युक्तिवाद असा की या १६ जणांचा शब्द इन्शुरन्स कंपन्यांवर बंधनकारक आहे, म्हणजे ते सरकारी अधिकारीच झाले, आणि त्यांच्यावर कोणी नसेल तर राष्ट्राध्यक्षाने नेमून सिनेटने मान्यता द्यायला हवी. सरकारने बचाव केला की त्यांच्यावर मंत्री आहे. न्या. कॅव्हानॉ यांनी ६ विरुद्ध ३ ने तो मान्य केला. म्हणजे शब्दाला कायद्याची ताकद हवी असेल तर वर मालक हवा, आणि मालक नको असेल तर शब्दाची ताकद जाते. ओबामाकेअरने ग्रेडला दात दिले, त्याच दिवशी ही अडचण जन्माला आली.

मग वाट काय? एक नमुना कायद्यातच आहे, सगळ्यांनी वाचावा असा. नोव्हेंबर २००९ मध्ये टास्क फोर्सने चाळिशीतल्या सरसकट मॅमोग्राफीला सी ग्रेड दिली. देशभर ओरड झाली. काँग्रेसने काय केलं? सदस्य हाकलले नाहीत, ग्रेड बदलायला लावली नाही. कायद्यात कलम घातलं की स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीपुरती चालू शिफारस धरताना "नोव्हेंबर २००९ च्या सुमाराची" शिफारस धरायची नाही! म्हणजे तज्ज्ञांचं मत कागदावर जसंच्या तसं राहिलं आणि लोकप्रतिनिधींनी स्वतःच्या नावावर पैसे द्यायचा निर्णय घेतला. तो निर्णय चुकीचा की बरोबर यावर आजही वाद घाला, पण कुणी काय म्हटलं ते कुणालाही वाचता येतं.

मला हाच रस्ता बरा वाटतो. ग्रेड तज्ज्ञांची, तिला कोणी हात लावायचा नाही. पैसे मिळणार की नाही ते मंत्र्याने ठरवावं, ठरावीक दिवसांत, सही करून, कारण लिहून. सरकारला "नाही" म्हणायचं असेल तर सरकारने म्हणावं, तज्ज्ञांच्या तोंडून वदवून घेऊ नये.

---

स्पष्टवक्ता

काळाकोट, हे मला मान्य आहे. मी हेच मागत होतो. खर्च उचलायचा निर्णय निवडून आलेल्याने घ्यावा आणि त्याची जबाबदारी घ्यावी. १७ च्या १७ लोक एका दिवसात काढणं मलाही आवडलेलं नाही, ते आधीच लिहायला हवं होतं.

---

डॉ. अवधूत

मला अर्धं मान्य आहे. तुमच्या रस्त्याने उद्या मंत्री सही करून औषध बंद करेल आणि माझा रुग्ण ते सोडून देईल. कारण लिहिलेलं असेल, पण त्याच्या हातात बिल असेल. मुदती टप्प्याटप्प्याने संपाव्यात, कारणाशिवाय कुणाला काढता येऊ नये आणि रिकामी जागा विशिष्ट अनुभव असलेल्यांतूनच भरावी, एवढं तरी कायद्यात आणा.

---

पेशवेपार्क

भारतात लसींसाठी तांत्रिक सल्लागार गट आहे, २००१ पासून, पण त्याच्या अध्यक्षस्थानी आरोग्य सचिवच असतात. तपासण्यांसाठी सरकारी कार्यक्रम आहे (तिशीनंतर तोंड, स्तन, गर्भाशयमुख), पण पॅकेजमधल्या ऐंशी चाचण्यांना ए-बी-सी-डी लावणारं कोणी नाही. तुम्ही जे वाचवायला धडपडताय ते आम्हाला अजून मिळायचंय. मी काकांना आकडेमोड यांचा हजार माणसांचा हिशेब मराठीत लिहून दिला. फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय त्यांनी.

---

कृष्णाकाठ | २१ जुलै २०२५

आठवडाभर सगळं वाचलं. माझ्या प्रश्नाला मला मिळालेलं उत्तर लिहिते.

"राजकीय दबावापासून दूर" हे शब्द कायद्यात असून भागत नाही, हे कळलं. डॉक्टर म्हणतात पैसे राखा, वकीलसाहेब म्हणतात ग्रेड आणि खर्चाचा निर्णय वेगळे करा. मला दोन्ही हवेत. आमच्या राज्याच्या दोन्ही सिनेटरना कालच पत्र लिहिलं. त्यात टास्क फोर्सची ढकललेली बैठक कधी घेणार ते विचारा, आणि शिफारस अडवली तर लेखी कारण जाहीर करायची सक्ती करा, एवढंच मागितलं. तपासण्या मोफत ठेवायला राज्याचा कायदा पुरेल असं कुणाला वाटेल, पण आमच्यासारख्यांचा इन्शुरन्स नोकरी देणारी कंपनीच स्वतःच्या पैशातून चालवते, त्याला राज्याचा कायदा लागत नाही. मोठ्या कंपन्यांत असलेल्यांनी आपापल्या एचआरला हे विचारून घ्या.

आणि बार्शीकर, पत्रात तुमच्या आईंचं नाव नाही, पण ते कार्ड आहे. चालेल ना?

---

बार्शीकर

चालेल की. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "त्या बाईला विचार, आता पोट बरंय का?"

---

मोगरा७

१९ ऑगस्ट, सकाळी साडेसात. तारीख घेतली. कृष्णाकाठ, त्या खारट पाण्यात काय मिसळलंस ते सांग.

---

कृष्णाकाठ

पोट एकदम बरंय म्हणावं आईंना!

मोगरा, फ्रिजमध्ये गार कर, स्ट्रॉने पी आणि मध्ये मध्ये लिंबाची फोड चोख. लाल रंगाचं काही घेऊ नकोस. न्यायला-आणायला कुणी नसेल तर मला कळव, मी येते.